बाईंच्या आवाजाला आलेली मेंढरं

कवठे येमाई,
१० नोव्हेंबर

हृतिक,

मावशीचा आशीर्वाद. थोडा राग पण आहे, तो खाली येईल.

हे पत्र मी संगणकावर एकेक अक्षर शोधत लिहिते आहे. आमच्या भाषाशिक्षकांच्या प्रशिक्षणात स्वप्नाली मॅडमनी सांगितलंय, की आपल्या माणसाला संगणकावर मराठीत पत्र लिहीत जा, त्याशिवाय हात बसायचा नाही. तुझ्या काकांना लिहिलं असतं, पण ते पलीकडच्या खोलीत झेंडूचे हार ओवत बसलेत, हाक मारली तरी ओ देतात. म्हणून तू. शिवाय फोनवर तू ‘हो मावशी, हो मावशी’ म्हणतोस आणि विसरतोस. लिहिलेलं डोळ्यासमोर तरी राहील.

याच प्रशिक्षणाचं दौंडला जे केंद्र आहे तिथं तू लॅपटॉप उचलायच्या आणि वायरी जोडायच्या कामाला आहेस, हे मला मॅडमकडून कळलं. तुझ्याकडून नाही. हाच तो राग. संपला.

आता काम. माझ्या चौथीच्या वर्गात म्हाळसा आहे. तिच्या धनगर वस्तीवरचे बाकी सगळे आता शेतीला लागलेत, पण तिचे आजोबा ज्योतिबा आबा अजून दिवाळी झाली की मेंढरं घेऊन दौंडकडं, पाण्याच्या भागात उतरतात. तिकडचे शेतकरी रिकाम्या रानात मेंढरं बसवून घेतात. रानाला खत होतं, यांना धान्य मिळतं, मग पुढचं रान. सगळं बिऱ्हाड घोड्यांवर. त्याला ते वाडा म्हणतात. यंदा म्हाळसाही वाड्याबरोबर गेली. दिवाळीच्या तोंडावर ती कुठं जोडाक्षरं वाचायला लागली होती.

मी आबांना आडवी गेले. ते म्हणाले, “बाई, माघी पुनवंला जेजुरी करून पोरीला तुमच्यापुढं हुबी करतो. तवर वाचन टिकलं तर साळंत ठिवतो. इसरली तर मंग मेंढरामागंच बरी. उगं दोन्हीकडनं जायाला नको.”

म्हणून प्रशिक्षणात जो प्रकल्प करायचा असतो, त्यात मी तिच्यासाठी संगणकावर बोलतं पुस्तक केलंय. पडद्यावर ओळ येते, माझा आवाज ती वाचतो, वाचेल तसा शब्द रंगत जातो. मग मी म्हणते, “आता तू,” आणि थांबते. हे सगळं माझ्या जुन्या फोनमध्ये भरून न्हावऱ्याच्या पप्पूकडं दिलंय. तो दुधाचा टेम्पो घेऊन दौंडला येतो. तो फोन वाडा शोधून म्हाळसाच्या हातात द्यायचा. वाडा पाटसच्या आसपास आहे म्हणतात.

जेवत जा.

ज्ञानू मावशी


दौंड,
१९ नोव्हेंबर

मावशे,

पाया पडतो. बसून लिहितोय, पण मनानं वाकलोय असं धर.

कामाचं तुला सांगणारच होतो, पण आधी टिकतंय का बघू म्हटलं. कोरेगाव भीमाच्या गोडाऊनचं सांगितलं आणि तू पेढे वाटलेस, तोवर मी ते सोडलं होतं. इथं बरं आहे. प्रोजेक्टर लागेना झाला की शिक्षक लोक मला ‘सर, जरा बघता का’ म्हणतात. दहावीला मराठीत कसाबसा निघालेला मी, आणि मराठीच्या बाई मला सर म्हणतात. मी पुढं होतो. वायर काढतो, परत घालतो, चालू होतं.

पप्पूनं फोन दिला. मी लगेच निघालो, हे लिहून ठेव. पाटसला गेलो तर एक जण म्हणाला, कालच इथनं हलले, कॅनॉलच्या अंगाला गेले. गाडी तिकडं घातली. वाटेत गुऱ्हाळ लागलं. आता तूच सांग, उकळत्या काकवीचा वास आल्यावर माणूस पुढं कसा जाणार? तिथले कामगार सगळे उत्तर प्रदेशचे. एक जण म्हणाला, “भैया, गरम गुड खाओगे?” खाल्ला. मग त्यांचा एक माणूस तापानं पडलेला म्हणून कढईखालच्या चुलवाणात चिपाडं टाकायला लागलो. छान जमलं. संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशीही जरा गेलो होतो.

तर फोन अजून माझ्याकडंच आहे. पण तू काळजी करू नकोस. मला माहितेय मॅडमना काय लागतं, सगळे तेच जमा करतात: एक पोरगं, हातात फोन, हसतंय, असा फोटो. इथं शेजारीच एक गोड पोरगी आहे. तिला फोन देऊन फोटो काढतो आणि पाठवतो. तुझा प्रकल्प पूर्ण.

हृतिक


कवठे येमाई,
२१ नोव्हेंबर

हृतिक,

फोटो काढू नकोस.

मला प्रकल्प पुरा करायचा नाही. म्हाळसा पुरी करायची आहे. तुला ती माहीत नाही म्हणून सांगते. पहिली तीन वर्षं ती वर्गात दाराजवळ बसायची, शिकवायला लागले की बाहेर बघायची. यंदा गणपतीच्या सुमारास ती एकदम उठून म्हणाली, “बाई, त्या खताच्या पोत्यावर आपल्या पुस्तकातलीच अक्षरं हायती.” त्या दिवशी तिनं शाळेच्या वाटेवरचं सगळं वाचलं. पोती, पाट्या, ट्रॅक्टरच्या मागचं. अर्धं चुकीचं. मी दुरुस्त केलं नाही, चालतच राहिले तिच्याबरोबर.

अशी सुरुवात झालेलं पोर दोन-तीन महिने छापील अक्षर दिसलं नाही तर मागं जातं. मी पाहिलेत. आणि आबा शब्दाचे पक्के. नाही वाचलं तर खरंच ठेवून घेतील.

तुला फिरायची खाज आहे, ती सगळ्या घराला माहीत आहे. या वेळी कुणाच्या तरी कामाला फिर.

गूळ माझ्यासाठी थोडा ठेव.

मावशी


दौंड,
३ डिसेंबर

मावशे,

सापडला वाडा. पारगावच्या पुढं, भीमेच्या अंगाला, कांदा काढलेल्या रानात.

मी गाडी बांधाला लावली तर आधी कुत्री आली. मी तसाच उभा राहिलो. मग ज्योतिबा आबा आले, कुत्र्यांना नुसतं बघितलं, ती खाली बसली.

“पाव्हणं, कुणीकडचं?”

“शाळेच्या बाईंचा भाचा. ज्ञानेश्वरी बाईंचा.”

“बाईंचा व्हय? मंग या. म्हंजी बाई हितं बी आल्याच वरडायला.”

म्हाळसा घोडीच्या पलीकडं उभी, मला तिचे फक्त पाय दिसत होते. मी फोन चालू केला. तुझा आवाज आला, “चला, बसा रे सगळे.” मावशे, ती खरंच खाली बसली. तिची आई तुळजाबाई भाकरी टाकत होती, तिनंपण हात थांबवला. मग सगळ्यांनाच हसू आलं आणि पोरगी लाजून परत घोडीमागं.

पण अर्ध्या तासात फोन तिच्या मांडीवर आणि बोट ओळीवर. मी तिला कसा चालू करायचा, मागं कसा न्यायचा दाखवलं. एकदाच सांगावं लागलं. तुमच्या प्रशिक्षणातल्या काही लोकांचं नाव घेत नाही. चार्जिंग शेतकऱ्याच्या विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतनं करायचं ठरलंय. ज्या रानात बसतील त्याच्याकडनं.

मी म्हटलं, संध्याकाळी निघतो. पण करडं-कोकरं आयांना सोडायची वेळ झाली. जाळीतनं पिल्लं सुटतात, रानातनं आया येतात, आणि एवढ्या गोंगाटात ज्याची त्याला बरोबर सापडते. ते बघत राहिलो. मग जेवलो. मग तिथंच झोपलो. दुसऱ्या दिवशी मुक्काम हलला तर सामान लादायला लागलो. तिसऱ्या दिवशी दौंडला आलो तेव्हा मॅडम म्हणाल्या, “हृतिक, तू चांगला आहेस, पण तू असतोस कुठं?” त्यांनी काही मनाला लागेल असं म्हटलं नाही. पण मला नंतर लागलं थोडं.

हृतिक


कवठे येमाई,
९ डिसेंबर

हृतिक, बाळा,

तुझं पत्र काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, पोरगं कामाला आलं. त्यांच्या तोंडून तुझ्याबद्दल असं वाक्य निघालं, म्हणून तारीख लिहून ठेवली आहे.

एक विचारायचं होतं. त्या रेकॉर्डिंगमध्ये “आता तू” म्हटल्यावर मी बराच वेळ थांबते. प्रशिक्षणात ते ऐकवलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, एवढी रिकामी जागा नको, ऐकणाऱ्याला वाटतं फोन बंद पडला. मी कापली नाही. म्हाळसा नवीन शब्दाकडं आधी टक लावून बघते, मग ओठ हलवते, मग आवाज काढते. तेवढा वेळ मी संगणकासमोर ती आहे असं समजून बसले होते. तेवढा पुरतो का तिला, ते बघ. जमलं तर तिचं वाचन तुझ्या फोनवर घेऊन पाठव. मला ऐकायचं आहे.

मॅडमना न सांगता जाऊ नकोस. सांगून गेलास तर माणूस जाऊ देतो.

मावशी


दौंड,
२९ डिसेंबर

मावशे,

कसं लिहावं कळत नाही. आधी हसू येतं, मग येत नाही.

वाडा आता केडगावच्या बाजूला आलाय. मी सांगून गेलो. मॅडमनी सुट्टी दिली, तुझं खरं निघालं. दिवस कलायला आला होता. मेंढरं लांब पसरलेली. आबांनी घोडीच्या गळ्यात काहीतरी अडकवलं आणि दाबलं. तुझा आवाज. “चला, बसा रे सगळे.” आणि मावशे, त्या सगळ्या रानातली मेंढरं माना वर करून वळली आणि घोडीकडं चालायला लागली.

मला वाटलं योगायोग. आबा खुशीत. “आता वरडायची गरज न्हाई बघा. बाईंचा आवाज लागला की कळप गोळा. लई झाक येवस्था केली बाईंनी. त्यास्नी सांगा, आबांनी निरोप दिलाय.”

झालं असं, की म्हाळसा रोज पिल्लं सोडायच्या वेळेला फोन लावून बसायची. मेंढ्यांच्या डोक्यात बसलं, हा आवाज आला की पिल्लू भेटतं. आबांच्या ते ध्यानात आलं. तेव्हापासून फोन म्हाळसाकडं नाही, घोडीकडं असतो. आबांना वाटतं, तू तो त्याचसाठी पाठवलास. म्हणजे पोरगी मेंढरांकडं गेली, म्हणून बाईंनी मेंढरांचीच सोय करून दिली. एवढ्या मनापासून सांगत होते, की मला त्यांना खरं सांगवलं नाही.

इतका हसलो की खाली बसलो. मग म्हाळसा दिसली, घोडीची दोरी धरून, तोंड दुसरीकडं करून. मी विचारलं, “वाचतेस का गं?” ती म्हणाली, “फोन आबाचा हाय आता.” एवढंच. तिचं वाचन रेकॉर्ड केलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

माघी पौर्णिमेला आता महिनाच आहे. फोन काढून घेऊ का आबांकडनं? तू सांग, मी भांडतो. भांडायला मी बरा आहे.

हृतिक


कवठे येमाई,
२ जानेवारी

हृतिक,

इतकी वर्षं मी वर्गात “बसा रे” म्हणतेय, एक पोर धड बसत नाही. शेवटी माझं मेंढरांनी ऐकलं. काका हसून हसून पाणी प्यायला गेले. मीही हसले. मग स्वयंपाक करताना रडले थोडी. हे तुला सांगते, त्यांना सांगितलं नाही.

भांडू नकोस. ज्योतिबा आबा माणूस सोन्यासारखा आहे, पण हट्टाला पेटला की त्याच्यापुढं मेंढा शहाणा म्हणायचा. फोन काढून घेतलास तर पोरगी पण परत पाठवणार नाही.

दोन दिवस विचार केला. मला एक सांग. “चला, बसा रे सगळे” नंतर आबा फोन बंद करतात का? मला वाटतं त्यांना बंद करता येत नसणार. म्हणजे धडा पुढं चालूच राहत असेल. मी वाचत असेन, “आता तू” म्हणत असेन, थांबत असेन. घोडीची दोरी कुणाच्या हातात असते, ते तूच लिहिलंस.

जा आणि नुसता उभा राहा. कुणाला काही विचारू नकोस. मी थांबते तेव्हा काय होतं ते बघ.

मावशी


केडगाव,
१७ जानेवारी

मावशे,

हे फोनवरनंच लिहितोय, वाड्यावरनं. तिळगूळ तुझ्या वतीनं वाटला.

तू सांगितलंस तसा उभा राहिलो. बाभळीच्या आड, म्हणजे लपलो असं नाही, पण दिसलो पण नाही. आबांनी फोन लावला आणि काठी घेऊन मागच्या मेंढरांकडं गेले. बंद केलाच नाही. कळप जवळ येत होता. म्हाळसानं घोडीची मान ओढून खाली घेतली, पार आपल्या तोंडापर्यंत. फोन तिच्या डोळ्यासमोर. तू वाचलंस. तू म्हणालीस, “आता तू.” मग काहीच नाही. मेंढरं बें बें करताहेत, घोडी कान हलवतेय, आणि मग पोरीचा आवाज आला. अख्खी ओळ. मग पुढची. घोडीनं मान वर केली की ती परत खाली ओढायची आणि म्हणायची, “थांब की जरा, व्हईस्तवर.”

तू जेवढी थांबतेस तेवढं तिला आता लागत नाही. तिचं आधीच संपतं आणि ती तुझी वाट बघत उभी राहते.

मी बाहेर आलो. पण मग माझ्या मनात शंका आली. रोज तेच ऐकून पाठ झालं असेल तर? आबा तर म्हणतीलच. नवीन काहीतरी वाचायला द्यावं, तर जवळ कागद नाही, पुस्तक नाही. माझ्या फोनवर तुझं मागचं पत्र होतं. तेच उघडून तिच्या हातात दिलं. तोवर आबा आले, तुळजाबाई आल्या, सगळे भोवती. मी म्हटलं, “आबा, ऐका. हे तिनं कधी बघितलेलं नाही.”

तिनं सुरू केलं. मेंढरांनी ऐकलं, काका पाणी प्यायला गेले, सगळं. अडखळत, पण स्वच्छ. आणि मावशे, पुढं काय लिहिलंयस ते मी पार विसरलो होतो. मला आठवलं तोवर ती तिथं पोचली होती. “ज्योतिबा आबा माणूस सोन्यासारखा आहे,” तिनं वाचलं. आबांनी मिशीवरनं हात फिरवला. “पण हट्टाला पेटला की त्याच्यापुढं,” ती थांबली. आबांकडं बघितलं.

“वाच,” आबा म्हणाले.

“मेंढा शहाणा म्हणायचा.”

मी गाडीची किल्ली चाचपली.

तुळजाबाई चुलीकडं तोंड करून म्हणाल्या, “बाईस्नी बरूबर कळलंय.”

आबांनी माझा फोन हातात घेतला, उलटा-सुलटा बघितला आणि म्हाळसाला म्हणाले, “हे तुला कुणी सांगितलं न्हवतं?”

“न्हाई. हितं लिवलंय.”

“लिवलंय,” आबा म्हणाले. मग काठीनं माती उकरत बसले. रागावलेत की काय, मला कळेना. शेवटी म्हणाले, “दुसरं कुणी असतं तर माझ्या म्होरं तसं वाचलं नसतं. गाळलं असतं. पोरीनं जसंच्या तसं वाचलं.”

शाळेचं मात्र हो नाही, नाही नाही. तू शिक्षिका आहेस, याचा अर्थ तू लाव.

हृतिक


कवठे येमाई,
४ फेब्रुवारी

हृतिक,

आले. आबा शब्दाचे पक्के. जेजुरीचा भंडारा कपाळाला, म्हाळसा पुढं, ते मागं. मला वाटलं, आता वाचायला लावतील. लावलं नाही. म्हणाले, “परीक्षा झाली, बाई. माझीच झाली.” मी पदरानं तोंड झाकलं. हृतिक, तुला मी भेटल्यावर बघते.

वाडा अजून पावसाळ्यापर्यंत तिकडंच. तोवर म्हाळसा आमच्या घरी राहील, शाळेत येईल. काकांनी तिला झेंडू तोडायला नेलं, ती पोतं वाचत बसली.

जाताना आबा उंबऱ्यात घुटमळले. मला वाटलं चहा हवा. म्हणाले, “बाई, तुमचा आवाज आता मेंढरांस्नी सवयीचा झालाय. पन त्यात म्हाळसाचा घाला. तुमच्या त्या मशीनवर घालता यील का?” मी म्हटलं, मेंढरं नव्या आवाजाला येतील का? ते म्हणाले, “येत्याल की. तिच्याच हातची हायती ती.” आणि दुसरीकडं बघायला लागले.

शाळेच्या संगणकासमोर तिला बसवलं. मी दारं, पंखा सगळं बंद करून ऐकत होते. तिनं ‘चला, बसा रे’ म्हटलं नाही. तिनं आपला नवा धडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचला आणि मग म्हणाली, “आबा, वाचलं. जेवून घ्या.” मी ते कापलं नाही.

शिरूरला प्रशिक्षणाची शेवटची बैठक झाली. सगळ्यांनी रंगीत चित्रं दाखवली. मला विचारलं, लाभ किती जणांना झाला? मी म्हटलं, एक मुलगी आणि एक कळप. हॉल हसला. स्वप्नाली मॅडम हसल्या नाहीत, त्यांनी मला परत सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. तुझ्याबद्दल म्हणाल्या, त्याला म्हणावं ये, सांगून जात जा, पण ये.

तिच्या आवाजाचं मेमरी कार्ड पप्पूकडं दिलंय. पोचव.

मावशी


राहू,
११ फेब्रुवारी

मावशे,

पोचवलं. या वेळी वाटेत कुठंच थांबलो नाही. एका ठिकाणी नदीवर मासे धरत होते, तिथं फक्त बघितलं, गाडी चालू ठेवून.

आबांना फोनमध्ये कार्ड घालून दिलं. दिवस मावळायला टेकला होता. मेंढरं ऊस तुटलेल्या रानात पसरलेली. त्यांनी लावलं. म्हाळसाचा आवाज आला. मेंढरांनी माना वर केल्या, पण पाय उचलले नाहीत. नवा आवाज ना. एक म्हातारी मेंढी तेवढी निघाली. मग तिच्या मागं दोन. मग सगळी.

सगळी येऊन उभी राहिली. आबा घोडीपाशी. फोनमधनं म्हाळसा वाचत होती. पिल्लं सोडली, आया शांत झाल्या, कुत्री पडली. धडा संपला. “आबा, वाचलं. जेवून घ्या.” तुळजाबाईंनी ताट वाढलं होतं. आबांनी हात पुढं केला तो मला वाटलं ताटाकडं, पण त्यांनी फोन परत पहिल्यापासून लावला. बंद कसा करायचा, मागं कसा न्यायचा ते त्यांना येत नाही असं आपण धरून चाललो होतो.

मी म्हटलं, “आबा, मेंढरं आली की सगळी.”

“आली,” ते म्हणाले, आणि फोन तसाच चालू ठेवला.

हृतिक